नानांच्या मोपेडची मागची सीट

…तर परात माझी गेली, रॉकेल सुलक्षणाचं गेलं, जुन्या साड्यांच्या चिंध्या अख्ख्या चाळीच्या गेल्या, आणि हे सगळं कशापायी, तर एका सायकलपायी. हो, सायकलच ती. मोपेड म्हणा, गाडी म्हणा, काय वाटेल ते म्हणा, जिला पॅडल असतात तिला मी सायकल म्हणते. इंजिन लावलं म्हणून काय झालं? पण हे बोलायचं कोणापुढे? बोललं की लगेच वरच्या माळ्यावरून अंबादासचं डोकं बाहेर, "काकी, इंजिन खोलणं म्हणजे काय मोठं नाही हो. सोप्पं आहे. त्यात काय आहे?" त्यात काय आहे म्हणे. त्यात माझी परात आहे मेल्या.

तुम्हाला सांगते, कांजूरमार्गला आमची चाळ, तळमजल्यावरच्या शेवटच्या दोन खोल्या, एक आमची, एक जयवंतची. मधे भिंत आहे म्हणायची, पण तिकडे कोणी शिंकलं तर इकडे आमचे हे रुमाल शोधतात. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, कानानं ऐकलेलं आहे. आता जयवंत कोण? तर घाटकोपरला एका ऑफिसात टाइपरायटर बडवणारा माणूस. गोरा, गुबगुबीत, रविवारी जेवला की आडवा. आयुष्यात ह्यानं पाना हातात धरलेला नाही. घरातला फ्यूज गेला की हा स्टुलावर चढणार, सुलक्षणानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, खालून स्टूल धरायचं, बॅटरी धरायची, हा घामाघूम होऊन खाली उतरणार आणि फ्यूज शेवटी तीच बसवणार. असा हा माणूस, आणि हा म्हणतो, मी इंजिन खोलणार, पुन्हा बांधणार, क्लच नवा बसवणार आणि दसऱ्याला आईला मागे बसवून हायवेपर्यंत चक्कर मारून आणणार. मी म्हटलं, वाट लागली.

आणि गाडी तरी ह्याची होती का? गाडी नानांची. नाना म्हणजे जयवंतचे वडील, विक्रोळीला कारखान्यात मशीनवर होते, गेल्या पौषात गेले. उंच, काटकुळे, बोलणं जेवढ्यास तेवढं. तेव्हा जो तो स्कूटरला नंबर लावून बसलेला, वर्षामागून वर्षं जायची आणि नंबर काही यायचा नाही. नाना म्हणाले, कोण वाट बघतोय, आणि ही मोपेड घेऊन आले. बोलायला गरीब माणूस, पण गाडीवर बसला की काय संचारायचं कोण जाणे. सकाळी चाळीच्या तोंडातून सुसाट सुटायचे ते थेट विक्रोळी. वळणावरची कुत्रीसुद्धा ते यायच्या आधी उठून बाजूला व्हायची, आवाज ओळखायची ती. आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम काय केलं माहितीये? मागे जाड सीट बसवून घेतली. एका अंगानं बसणाऱ्या बाईमाणसाला पाय टेकवायला लोखंडी पट्टी, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी. मालनवहिनींसाठी हो. मालनवहिनी म्हणजे नानांची बायको, जयवंतची आई.

आणि वहिनी काही बसल्या नाहीत.

दर दसऱ्याला नाना गाडी धुवायचे, हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, स्वतः परीटघडीचे कपडे, आणि दारात येऊन हाक, "मालन, चल, बस. हायवेपर्यंत जाऊ, मिठागरं बघून येऊ." आतून उत्तर ठरलेलं. एका वर्षी पुरण शिजायला ठेवलंय. एका वर्षी गुडघा दुखतोय. एका वर्षी, अहो लोक काय म्हणतील ह्या वयात. नाना दोन मिनिटं उभे राहायचे, हसायचे, आणि एकटेच चक्कर मारून यायचे. त्या मागच्या सीटवर कोणाला कधी बसू दिलं नाही त्यांनी. तिच्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं, वहिनी बसतील तेव्हा काढायचं म्हणून. जयवंतला एकदा म्हणाले होते, "तुझ्या आईक लाज वाटता रे. मोपेड पडली ना. स्कूटर असती तर बसली असती." तेवढंच. परत तो विषय नाही. मग दुखणं आलं, गाडी जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच, इंजिन जाम झालं, आणि पौषात नानाही गेले.

आता गणपतीच्या आधी चाळीला रंग काढायचा ठरलं, जिन्याखालची अडगळ हलवा म्हणाले. जयवंतनं विचार केला, ठेवून काय करायचं, लोखंड सडतंय नुसतं, बोलावला भंगारवाल्याला. तो आला तराजू घेऊन, गाडी बाहेर ओढायला लागला, आणि मालनवहिनी, ज्या सहा महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्या पदर खोचून आल्या आणि हँडल धरून उभ्या राहिल्या. "हात लावशीत तर बघ," म्हणाल्या. भंगारवाला भय्या, त्याला मालवणी काय कळणार, पण कळलं त्याला. तराजू उचलून गेला तो.

जयवंत म्हणाला, "आई, अगं तू तर कधी बसलीसुद्धा नाहीस हिच्यावर."

आणि तिथं जिन्याखाली, चुन्याच्या बादल्यांमधे उभ्या राहून वहिनी त्याला म्हणाल्या, मी पाणी भरत होते तिथंच, "त्यांका वाटला माका लाज वाटता. लाज नाय रे झिला. भय. ती सुसाट जाता, माका बघूनच भय वाटता."

आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर नवऱ्याला सांगायचं. कसं सांगणार? नाना अख्ख्या कारखान्यात सांगत फिरायचे की माझी बायको कशाला म्हणजे कशाला घाबरत नाही. गावाला तिनं न्हाणीघरात केरसुणीनं साप मारलेला. ती साप मारलेली बाई मोपेडला भिते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? नवऱ्याचा केवढा अभिमान तिच्यावर. तो मोडवेना तिला. मग पुरण शिजायला ठेवायचं. आणि तिकडे तो माणूस माझी गाडी कमी पडली असं समजून गेला. तुम्हाला सांगते, माझी कळशी भरून वाहत होती, माझं लक्ष नाही.

"एकदा त्यांच्या गाडीर बसूचा आसा माका," वहिनी म्हणाल्या. "ह्या दसऱ्याक." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

झालं. वरून अंबादासनं हे सगळं ऐकलेलं, तो अर्ध्या जिन्यापर्यंत उतरून आला, "अरे जयवंता, त्यात काय आहे? रिंगा गेल्या असतील, पिस्टन धरला असेल, क्लच घासला असेल. आपण घरी करू. सोप्पं आहे." ह्या अंबादासचा इंजिनाशी संबंध काय विचारा. ह्याच्या मेव्हण्याचं मालाडला गॅरेज आहे. मेव्हण्याचं. ह्याचं नव्हे. हा स्वतः कापडाच्या दुकानात वार मोजतो. पण मेव्हण्याकडे जाऊन चहा पिऊन पिऊन ह्याला ज्ञान झालं.

म्हटलं, बाबा जयवंत, मेकॅनिककडे दे. दिली असती हो त्यानं, नेली होती ना. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, दसऱ्याला नाही जमणार, दिवाळीनंतर बघू. दुसरा म्हणाला, हिच्यात जीव नाही राहिला, नवी घ्या. तेव्हा मग जयवंतनं पाना हातात घेतला. कसा घेतला माहितीये? चमच्यासारखा.

पहिले दोन दिवस तर नटच सुटेनात. हा आपला रोज ऑफिसातून यायचा, चहा घेतला की लेंगा वर करून जिन्याखाली, आणि आम्ही आपले घरात बसून ऐकतोय, ठक, ठक, आई गं, ठक, ठक, आई गं. ठक म्हणजे हातोडी आणि आई गं म्हणजे अंगठा. तिसऱ्या दिवशी इंजिन उतरलं आणि जिन्याखाली जागा नाही म्हणून घरात आलं. घरात म्हणजे कुठे? एकच खोली आणि तिला चिकटून मोरी. ओट्याखाली सिलिंडर, फडताळात पिस्टन, देवाच्या शेजारी वर्तमानपत्रावर नटबोल्ट. सुलक्षणा बिचारी गरीब, पण एके दिवशी बोललीच, "अहो, रेशनचं रॉकेल महिन्याचं असतं. तुम्ही चेन धुवायची की मी भात शिजवायचा, ते एकदा ठरवा." हा म्हणाला, "भाताला थोडा वेळ लागला तर चालेल." मी भिंतीपलीकडून म्हटलं, भात आमच्याकडून घेऊन जा गं.

बरं, उघडल्यावर आत काय, तर काळं कुट्ट. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला, रिंगांचे तुकडे. अंबादासनं बघितलं आणि म्हणाला, "हम्म." म्हटलं, आता का रे, सोप्पं आहे ना? तर म्हणाला, "सोप्पंच आहे, पण मेव्हण्याला दाखवू." मग रविवारी जयवंत ते इंजिन कापडी पिशवीत घालून, भाजीच्या पिशवीत हो, दोन बस बदलून मालाडला. वरून कोथिंबीर ठेवली होती सुलक्षणानं, कंडक्टरनं लगेजचं तिकीट लावू नये म्हणून. तिकडे मेव्हण्यानं पिशवीत नुसतं डोकावलं आणि म्हणाला, "कोथिंबीर ताजी आहे. बाकीचं फेकून द्या." बाप रे. काय वाटलं असेल त्या पोराला? पोरगा कसला, चाळिशीला आला, पण आईसाठी धावणारा माणूस मला पोरगाच वाटतो, काय करू.

फेकलं नाही त्यानं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात पिस्टन शोधला, घाटकोपरच्या लेथवाल्याकडून सिलिंडर आतून घासून घेतला, ऑफिसात टाइपरायटरवर बोटं काळी उमटतात म्हणून साहेब ओरडला ते ऐकून घेतलं. घरी येऊन एकेक भाग माझ्याकडून नेलेल्या परातीत धुवायचा, पुसायचा, आणि गंमत म्हणजे मालनवहिनी शेजारी पाट घेऊन बसायच्या. तो एकेक नट पुसून द्यायचा, त्या परत एकदा पदरानं पुसायच्या आणि कागदावर ठेवायच्या. पौषापासून जी बाई भिंतीकडे तोंड करून पडायची ती आता विचारते, "जयवंता, आज काय बसवतलंस?" सुलक्षणा मला मोरीत येऊन म्हणाली, "काकी, राहू दे रॉकेल गेलं तर. आई जेवतात आजकाल दोन्ही वेळा." मग मीही परात मागणं सोडलं.

पहिल्यांदा इंजिन बांधलं तेव्हा काय झालं ते सांगू? सगळं बसवलं, नट आवळले, जयवंतनं कपाळ पुसलं आणि बघतो तर कागदावर एक स्प्रिंग आणि एक चकती उरलेली. अंबादास म्हणाला, "जास्तीची असेल." जास्तीची. कंपनी काय लग्नाचा अहेर देते का, घ्या अजून एक स्प्रिंग? परत खोललं सगळं. परत बांधलं. ह्या खेपेला काही उरलं नाही, उलट एक बोल्ट कमी पडला, तो देव्हाऱ्यात निर्माल्यात सापडला.

राहिला क्लच. आता हा क्लच जरा समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खाणार आहे. मला काय त्यातलं कळत नाही, पण भिंतीतून ऐकून ऐकून पाठ झालंय. एक असते लोखंडी वाटी, तिला हे ड्रम म्हणतात. त्या वाटीच्या आत दोन वाकड्या पट्ट्या, त्यांना खरखरीत अस्तर चिकटवलेलं. इंजिन जोरात फिरायला लागलं की त्या पट्ट्या फाकतात, वाटीला आतून घट्ट धरतात, आणि धरलं की मग चाक फिरतं. कळलं? धरलं तर गाडी चालली. नाही धरलं तर इंजिन आपलं बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. म्हणून त्या पट्ट्या कोरड्या ठणठणीत लागतात, तेलाचा थेंब नको. नव्या पट्ट्या आणल्या तेव्हा जयवंतनं घरात सगळ्यांना बजावलं होतं, पोळी लाटताना ह्यांच्याजवळ येऊ नका, फोडणी तिकडे करा. वहिनी तेव्हा देवळात गेलेल्या.

आली खंडेनवमी. दसऱ्याच्या आदला दिवस. वाटी, तो ड्रम हो, लेथवाल्याकडे अडकलेला, आणि लेथवाला म्हणालेला की दुपारी मशीन बंद करून पूजा करणार, नंतर हात लावणार नाही. म्हणून जयवंत सकाळीच घाटकोपरला पळाला. बाकी गाडी तयार. इंजिन बसलेलं, फक्त क्लच बसायचा. त्या दोन नव्या पट्ट्या देवाजवळ कागदावर, पाने, पक्कड, हातोडी शेजारी ओळीनं मांडलेले.

आणि खंडेनवमीला आमच्याकडे काय करतात? हत्यारांची पूजा. कोकणातल्या बाईला हे काय सांगायला लागतं? कोयता, विळी, पहार, जे काय लोखंडाचं घरात असेल ते धुवायचं, पुसायचं, तेलाचा हात द्यायचा, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. नाना होते तोपर्यंत ते करायचे. ह्या वर्षी वहिनींनी केली. मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा बघितली ना पूजा, इतकी देखणी मांडली होती. विळी चकचकीत, नानांचे पाने चकचकीत. माझं शिवणाचं मशीनसुद्धा पुजून गेल्या त्या. मी म्हटलं, वहिनी, किती छान केलंत. तर म्हणाल्या, "त्यांचा हात नाय, माझो तरी लागांदे."

जयवंत धापा टाकत ड्रम घेऊन आला. पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं बघितली, हसला, फुंकर मारून फडक्यानं पुसली, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून थोडं कुंकू राहू दिलं तसंच. दोन तासांत क्लच बसला. संध्याकाळी अंबादास खाली येऊन सीट दाबून, ब्रेक दाबून, आरसा नव्हता तो असल्यासारखं बघून म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? सोप्पं आहे."

दसरा. चाळ सगळी अंगणात. हँडलला झेंडू, चाकाखाली लिंबू. जयवंतनं झब्बा घातलेला, अंगठ्याला पट्टी. आणि मालनवहिनी बाहेर आल्या, नाना एकदा अंजिरी रंगाचं लुगडं घेऊन आले होते ते नेसून. जयवंतनं मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक सोलून काढलं. खाली कापड कोरं करकरीत, एवढ्या वर्षांचं आणि जसंच्या तसं. वहिनींनी त्याच्यावर हात ठेवला जरा वेळ.

जयवंतनं पॅडल मारलं आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. फट फट फट फट. पोरांनी टाळ्या पिटल्या, आमचे हे, जे गणपतीतसुद्धा हसत नाहीत, ते हसले. वळणावरचा एक म्हातारा कुत्रा, खरं सांगते, उठून बाजूला झाला. वहिनी बसल्या, एका अंगानं, पट्टीवर पाय टेकवून, डोळे मिटलेले, जयवंतच्या झब्ब्याची मूठ धरलेली. मूठ अशी की झब्बा फाटतोय की काय.

जयवंतनं हँडलची मूठ पिळली. इंजिन ओरडलं. गाडी हलेना. अजून पिळली. इंजिन केवढ्यानं ओरडतंय, धूर निघतोय आणि गाडी जागच्या जागी, लिंबूसुद्धा फुटेना. अंबादास म्हणाला, "अजून दे, अजून दे." दिलं. आणि मग वास आला. असा खमंग, ओळखीचा. मी म्हटलं, खोबरेल तेलासारखं काय जळतंय?

जयवंतनं मान वळवली. वहिनी डोळे मिटूनच त्याला धीर देत म्हणाल्या, "चलतली रे, भिया नको. काल मी एकेकाक माझ्या हातान तेल लायलंय. त्या दोन पट्ट्यो तर बिचाऱ्यो, सुकान खडखडीत झाल्लो, त्यांका तर चोळून चोळून लायलंय."

तुम्हाला सांगते, त्या पोराचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. सुलक्षणानं तोंडावर हात घेतला. दोन महिने. अंगठे गेले, साहेबाची बोलणी खाल्ली, आणि अस्तरात मुरलं खोबरेल तेल, त्याच्या हाताला लागलंसुद्धा नाही. आता खोलून, धुऊन, वाळवून, नाहीतर दुसऱ्या आणून, म्हणजे दसरा गेलाच. आणि सांगायचं काय? आई, उतर, तू प्रेमानं जे केलंस ना त्यानंच गाडी बंद पडली? ती परत बसली असती कधी? आधीच नवऱ्याला आपण दुखवलं हे मनात घेऊन बसलेली बाई. त्यात आता त्याची गाडीही आपल्याच हातानं बिघडली, हे ऐकून ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली असती.

काय केलं असेल जयवंतनं? इंजिन तसंच फटफटत ठेवलं, हळू, आणि पॅडल मारायला लागला.

हो. पॅडल. मी म्हणत होते ना सायकलच ती. आता बघा, स्वतःचं ते अंग, मागे आई, खाली इंजिनाचं धूड, आणि हा गुबगुबीत माणूस, जो रविवारी जेवला की आडवा, तो पाय मारतोय. लिंबू फुटलं. गाडी हलली. अख्खी चाळ बघतेय, सगळ्यांना कळलंय, आणि एक माणूस हसला नाही. अंबादाससुद्धा. पोरं मागे धावायला निघाली तर मी धरली दोघांना.

पुढचं मला जयवंतनंच सांगितलं नंतर, गॅलरीत बसून, गुडघ्याला तेल चोळत. म्हणाला, काकी, वळणापर्यंत वाटलं छाती फुटणार. पण आईची मूठ ढिली झाली. मग पुढे तिनं डोळे उघडले असावेत, कारण खाडीकडे बघून म्हणाली, "गो बाय, कांदळ किती हिरवे रे." मग झब्बा सोडला तिनं आणि सीटला धरलं, म्हणजे नीट बसली. हायवेच्या कडेला थांबलो, मिठागरं दिसत होती, मिठाचे ढीग लावलेले. ती उतरली नाही. सीटवर बसूनच बघत राहिली. म्हणाली, "एकटेच येयत ते हयसर." मी म्हटलं, हो. काकी, नानांना इतकं एकटं वाटलं असेल दर वर्षी इथं, आणि मला कधी वाटलं नाही की आपण तरी जावं बरोबर. मग ती म्हणाली, चल, आणि मी परत पाय मारायला लागलो, येताना वाऱ्याच्या उलट.

आले. अंगणात वळले तेव्हा जयवंत लालबुंद, झब्बा पिळून घ्यावा असा, तोंडानं श्वास. पाय जमिनीला टेकवले तर थरथरतायत. मालनवहिनी मात्र उतरल्या त्या कशा, नव्या नवरीसारख्या. लुगडं झटकलं, केस सारखे केले. मग जरा नवल वाटल्यासारखं गाडीकडे बघितलं.

"इतक्याच हळू जाता ही?" म्हणाल्या. "काय एक भय वाटूक नाय माका."

जयवंतच्या लगेच लक्षात आलं हो पुढचं काय येणार ते. आता ही म्हणणार, उगाच घाबरले, आधीच बसायला हवं होतं, आणि मग ती हळहळ जन्मभर. ते नको म्हणून तो बिचारा श्वास गोळा करून बोलला, "नाही गं आई. जोरातच जाते. तुझं बरोबर होतं. मी मुद्दाम हळू चालवली. तुझ्यासाठी."

केवढं शहाणपणाचं बोलला, असं मला वाटलं. सुलक्षणालाही वाटलं. आम्ही दोघींनी सुस्कारासुद्धा टाकला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. हसू होतं ते गेलं. सीटवरून परत एकदा हात फिरवला, कोऱ्या कापडावर आता त्यांच्या बसण्याची घडी पडलेली.

"म्हणजे हळू चालवूक येता होय?" म्हणाल्या. "मगे मी त्यांका नुसता सांगूक व्हया होता."

आणि पदर सावरून आत गेल्या. सगळे जयवंतच्या तोंडाकडे बघतायत, आता हा काहीतरी म्हणेल म्हणून. म्हणायला दम तरी कुठे उरला होता त्याच्यात.